आधी धावू द्या, मग रंगवा

माझा ट्रक सात महिने रंगाविना फिरला. केबिनवर राखाडी प्रायमर, मडगार्डांवर नुसता पत्रा, हौद्याला फाळका नाही, दारांना आतून अस्तर नाही. रस्त्यात कुणीतरी विचारायचंच, "अजून काम बाकी आहे वाटतं?"

बाकी होतंच, पण ते मुद्दाम ठेवलं होतं. घरच्या गॅरेजात जुना ट्रक उभा करायचा तर तो दोनदा बांधावा लागतो. एकदा उघड्या पत्र्याने: सगळं बसवायचं, चालवायचं, चुका काढायच्या. मग सगळा सुटा करून, रंगवून, पुन्हा. हे मला सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर माझं एक दार आणि दीड वर्ष वाचलं असतं.

पेशाने मी हिशेबनीस. वेल्डिंग चाळिशीनंतर शिकलो, इंजिन उघडायला त्याहून उशिरा. गाडी १९५१ची शेव्हरले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप. पुढे जे सांगतो ते याच गाडीच्या अंगाने, पण १९४० ते १९७० या काळातल्या बहुतेक अमेरिकन पिकअपना ते लागू पडेल. नवशिक्याला या गाड्या सोप्या जातात, कारण चासी वेगळी, केबिन वेगळी, हौदा वेगळा. सगळं नट-बोल्टांवर. मोटारीसारखा एकजीव सांगाडा नाही. काचासुद्धा बऱ्याचशा सपाट. माझ्या गाडीची समोरची काच म्हणजे मध्ये पट्टी असलेले दोन सपाट तुकडे. कुठलाही काचवाला लॅमिनेटेड काचेतून कापून देतो.

गाडी घेताना

इंजिन चालू आहे का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. इंजिन बदलता येतं. केबिन गेलेली असेल तर मात्र हौस फिटते.

गंज कुठे बघायचा? केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा उंबरठा, पाय ठेवायची जमीन, डॅशबोर्डच्या खाली दोन्ही बाजूंचे कप्पे. हे सगळे गंजतातच, आणि यांचे तयार तुकडे मिळतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दाराच्या वर, छताच्या कडेने पाणी वाहून जायला जी पन्हळ असते ती खाल्लेली दिसली तर. तिथे पत्र्याचे दोन-तीन थर एकावर एक असतात आणि गंज आतून चालत आलेला असतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

चासीवर मागच्या चाकांच्या वर जिथे कमान आहे आणि पुढे स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो, त्या दोन जागा ब्रशने घासून बघा. तडे तिथे जातात. दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर कागदांशी जुळवून पाहा. ती पट्टी रंगकामात कधीही उखडू नका, सोडवू नका. नोंदणीच्या वेळी तीच तुमची साक्षीदार.

आणखी एक. बारीकसारीक गोष्टी जागेवर आहेत का बघा: काच वरखाली करायची यंत्रणा, बिजागऱ्या, बॉनेटचं कुलूप, डॅशबोर्डचे काटे. मडगार्ड लगेच सापडतो. एक विशिष्ट ब्रॅकेट शोधण्यात माझे चार महिने गेले.

उघडताना

घरची कामं अर्धवट राहतात ती इथे. माणूस उत्साहात एका रविवारी सगळं उघडतो, दोन वर्षांनी खोक्यात हात घालतो आणि हातात आलेला बोल्ट कुठला ते आठवत नाही.

मी हिशेबनिसाची सवय वापरली. एक जाड वही. डाव्या पानावर काय काढलं, कुठून काढलं, किती बोल्ट, कोणत्या मापाचे. उजवं पान कोरं. पुन्हा बसवताना काय बदललं ते तिथे. प्रत्येक पिशवीवर पान क्रमांक. फोटो काढाच, पण नुसत्या फोटोंवर विसंबू नका. फोटोत वॉशर दिसत नाही. केबिन आणि चासी यांच्यामधल्या रबराखाली कुठे किती पातळ पट्ट्या घातल्या आहेत हेही लिहून ठेवा. दारांच्या फटी त्या पट्ट्यांवर ठरतात.

जुना भाग फेकायचा नाही, कितीही सडलेला असो, नवा बसून पक्का होईपर्यंत. बायको एकदा म्हणाली, "अहो, तो गंजलेला पत्रा तरी टाका." तो गंजलेला पत्रा म्हणजे डाव्या कोपऱ्याची वळणं मोजायचा एकमेव पुरावा होता.

अडकलेल्या बोल्टाला घाई चालत नाही. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री लावा. सकाळी आधी किंचित आवळा, मग सैल करा. गंजाचा पापुद्रा फुटला की वाट मिळते. तरी नाही सुटला तर नट तापवा, बोल्ट नव्हे. आणि आजूबाजूला पेट्रोलची नळी, तेलकट चिंध्या नाहीत ना ते दोनदा बघा.

जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी इथेच सांगून टाकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. खाली घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, हव्यात, सपाट काँक्रीटवर. गाडी घोड्यांवर ठेवल्यावर आधी तिला जोराने हलवून बघायची, मग खाली शिरायचं. ब्रेक धुण्याच्या क्लोरीनयुक्त फवाऱ्याने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करायचं नाही, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट वेल्ड करण्याआधी मुलामा घासून काढायचा. पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, घरी वेल्ड करायचीच नाही. माझ्या गाडीची टाकी मूळची केबिनमध्ये, सीटच्या मागे आहे. पाठीशी पेट्रोल घेऊन बसणं मला पटलं नाही. मी नवी टाकी हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवली.

चासी

सगळं उतरवल्यावर उघडी चासी घोड्यांवर समपातळीत ठेवा आणि मोजा. पुढच्या-मागच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खुणा करायच्या, मग चासी बाजूला न करता खुणांमधले तिरपे अंतर टेपने मोजायचे. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, दोन्ही कर्ण सारखे हवेत. तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून दिला असता. माझ्या चासीत अकरा निघाले. पुढचं डावं टोक कधीतरी कशाला तरी धडकलेलं होतं. ते सरळ करायला मात्र मी चासी दुरुस्त करणाऱ्याकडेच नेली. साखळ्या आणि हायड्रॉलिकचा जोर घरच्या गॅरेजात आणू नये.

साफसफाईला मोठ्या भागांना वाळूचा मारा, छोट्यांना विजेचा गंजउतारा. प्लॅस्टिकची बादली, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. ऋण टोक तुमच्या भागाला, धन टोक एखाद्या टाकाऊ लोखंडी तुकड्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब. दुसऱ्या दिवशी ब्रशने घासलं की काळं, स्वच्छ लोखंड हाती येतं. मला या कामाची इतकी गोडी लागली की गरज नसलेले भागही बादलीत बुडवून झाले.

आता पुढच्या सस्पेन्शनचा वाद. पुष्कळ लोक मूळचा सरळ आडवा अॅक्सल काढून टाकतात आणि फोर्ड मस्टँग दोन या मोटारीच्या (१९७४ ते १९७८) नमुन्यावरचं स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली हलणारं, वेल्ड करतात. त्याबरोबर रॅक-पिनियनचं स्टिअरिंग येतं, गाडी मोटारीसारखी वळते, खाली बसते. पण त्यासाठी चासीच्या उघड्या बाजूला पत्रा लावून ती बंद पेटीसारखी करावी लागते, आणि मधला आडवा तुळईसारखा भाग कुठे, किती कोनात बसवायचा ते गाडी शेवटी किती उंच आणि किती पुढे झुकलेली राहणार यावर ठरतं. ती उंची नवशिक्याला माहीत नसते. तिथे एक अंश चुकला तर चाकं कधीच नीट जुळत नाहीत.

माझं मत: पहिल्या ट्रकला मूळचा अॅक्सल ठेवा. किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं त्या, आणि त्यांचे बुश बदला, बुश नव्या पिनच्या मापाने रीमरने घासून घ्या, पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, सोडवून स्वच्छ करा, मोडलेला पाटा बदला, मधल्या बोल्टाची जागा तपासा. पुढची चाकं पुढून दोन-तीन मिलिमीटर आत वळलेली ठेवा. एवढ्यावर गाडी सरळ धावते. बोजड वाटेल, पण ट्रक आहे तो.

ब्रेक

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच लोक कंटाळतात.

मूळची रचना एकाच वाटेची: एक मास्टर सिलिंडर, चारी चाकांना एकच तेल. एक नळी फुटली की पॅडल जमिनीला. हे बदलायचंच. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवा, पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. मी पुढे डिस्क लावल्या, मागे ड्रम ठेवले.

या ट्रकांत मास्टर सिलिंडर केबिनच्या जमिनीखाली, चासीला असतो. म्हणजे तो चाकांच्या सिलिंडरांच्या पातळीला किंवा त्याखाली येतो, आणि पाय काढला की तेल हळूहळू परत त्याच्याकडे ओघळतं. पहिल्या दाबाला पॅडल खोल जातं, दुसऱ्याला घट्ट लागतं. मी तीन आठवडे हवा काढत बसलो. मेव्हणा पॅडलवर, मी खाली. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय की!" हवा नव्हतीच. नळीत दाब धरून ठेवणारे छोटे व्हॉल्व्ह नव्हते. डिस्कच्या वाटेवर २ पीएसआयचा (चौरस इंचावर पौंड, दाबाचं माप), ड्रमच्या वाटेवर १० पीएसआयचा. ते बसवले आणि एका संध्याकाळी पॅडल उभं राहिलं. काही मास्टर सिलिंडरांत ड्रमचा व्हॉल्व्ह आतच असतो, तर काहींत नसतो. घेताना विचारा.

मागची चाकं आधी जाम होऊ नयेत म्हणून मागच्या वाटेवर दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह लावा. रिकामा हौदा म्हणजे मागे वजनच नाही, जोरात ब्रेक मारला की मागचा भाग घसरतो. नळ्या स्टीलच्या किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या. साधं तांबं ब्रेकला चालत नाही. टोकं दुहेरी दुमडलेली, ४५ अंशात. एकेरी दुमडलेलं टोक किंवा पाण्याच्या नळाचे कॉम्प्रेशन जोड लावलेले दिसले तर ती गाडी चालवू नका. ब्रेकचं डॉट ३ किंवा डॉट ४ तेल रंग उतरवतं, हे रंग लावल्यानंतर शिकायचा धडा नव्हे.

इंजिन, गिअर, डिफरन्शियल

माझ्या ट्रकात मूळचं २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. त्याच्या कनेक्टिंग रॉडना तेल शिंपडून मिळतं आणि बेअरिंगं बॅबिट या मऊ मिश्रधातूची, ओतीव. शांत चालवलं तर वर्षानुवर्षं चालतं, पण लांब पल्ल्यावर पळवायचं इंजिन नाही ते. शिवाय १९५४पर्यंतच्या या ट्रकांत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, एका बंद नळीत असतो, त्यामुळे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या अॅक्सलमधली गिअरांची पेटी) एकमेकांना बांधलेले. एक बदलला की दुसरा बदलावाच लागतो.

वेगाचा हिशेब आधी कागदावर करा. ताशी वेग किलोमीटरमध्ये घ्या, १६.६७ने गुणा, डिफरन्शियलच्या गुणोत्तराने गुणा, टायरच्या मीटरमधल्या परिघाने भागा. टॉप गिअरमधले इंजिनाचे फेरे मिळतात. माझा टायर २.२३ मीटर परिघाचा. मूळचं गुणोत्तर ४.११. ताशी ९०ला इंजिन मिनिटाला सुमारे २७६० फेरे घेत होतं, म्हणजे त्या जुन्या इंजिनाचा श्वास लागलेला. ३.४२चं डिफरन्शियल लावलं की तेच २३०० होतात. त्यात पाचवा गिअर ०.८चा असेल तर १८४०. हे गणित न करता लोक मोठं इंजिन घेतात आणि मग तेही बोंबलतंय म्हणून तक्रार करतात.

मी त्याच घराण्यातलं नंतरचं, १९५४नंतरचं २३५ घनइंचाचं इंजिन बसवलं. त्यात बेअरिंगांना तेल दाबाने जातं. मागे पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स आणि उघड्या शाफ्टचा नवा मागचा अॅक्सल. आठ सिलिंडरचं व्ही-८ हवं असेल तर शेव्हरलेचं ३५० घनइंचाचं सगळ्यात सरळ काम. शेव्हरलेचीच नंतरची एलएस घराण्यातली, पेट्रोल फवारणारी इंजिनं ताकदवान आहेत, पण त्यांना पेट्रोल सुमारे ५८ पीएसआय दाबाने लागतं. कार्बोरेटरला पाच-सात पुरतात. म्हणजे पंप, नळ्या, टाकी सगळं त्या दाबाचं. साधी रबरी नळी तिथे लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मागचा अॅक्सल निवडताना चाक बसतं त्या पृष्ठभागापासून पलीकडच्या पृष्ठभागापर्यंत मोजा. आपल्या मडगार्डात टायर मावेल का ते त्यावरून कळतं. चाकाचे बोल्टही बघा. माझ्या ट्रकाला मूळचे सहा, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. पुढे सहा आणि मागे पाच झाले तर एक जादा चाक दोन्हीकडे चालणार नाही.

पाट्यांवर अॅक्सल बसवायच्या बैठका आधी फक्त वेल्डिंगच्या तुरळक टाक्यांवर धरून ठेवा. पक्कं वेल्डिंग गाडीचं पूर्ण वजन चाकांवर आल्यावर. कारण कोन. इंजिन-गिअरबॉक्स मागे तीन अंश खाली झुकला असेल तर डिफरन्शियलचं तोंड तीन अंश वर हवं, म्हणजे दोघांच्या मध्यरेषा समांतर राहतात. फरक एक अंशाच्या आत ठेवा. सगळं एका सरळ रेषेत आणायचा मोहही टाळा. शाफ्टच्या टोकांच्या जॉइंटला थोडा कोन लागतोच, नाहीतर त्याच्या क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी घासत राहतात. आणि शाफ्टची लांबी मोजताना गाडी चाकांवर उभी हवी. गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक पूर्ण आत टेकवून मग वीस-पंचवीस मिलिमीटर बाहेर ओढा. ती लांबी.

केबिन, आणि माझं दार

केबिनचे दोन्ही उंबरठे सडलेले होते. मी एका शनिवारी दोन्ही एकदम कापले. संध्याकाळपर्यंत छान वाटत होतं. रविवारी दार लावायला गेलो तर लागेना. दोन उंबरठे गेल्यावर केबिनचं छत आणि मागची भिंत एवढ्यावरच सगळा भार आला आणि दाराची चौकट वरून मिटली. खाली बारा मिलिमीटर, वर शून्य. मी तसंच दाबून दार बसवायला गेलो आणि दाराची कड मुडपली.

म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतून चौकोनी नळ्या आडव्या-तिरक्या टाक्यांवर लावा. दार बसवलेलं असताना, फटी बरोबर असताना. एका वेळी एकच बाजू कापा. केबिन चासीवर, मूळच्या रबरांवर बोल्टने आवळलेली हवी, हवेत लटकलेली नको. दुसरी बाजू पहिली पूर्ण वेल्ड होऊन दार लागतंय हे बघितल्यावर.

पत्र्याला एमआयजी वेल्डिंग, ०.६ मिलिमीटरची तार आणि तीन भाग आर्गॉन, एक भाग कार्बन डायऑक्साइड असा वायू. विनावायूची, आत पावडर भरलेली तार पातळ पत्र्याला फार गरम पडते. सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा मध्ये. हात लावून बघा. बोट टेकवत नसेल तर थांबा. चहाला नव्हे, थंड व्हायला. पाणी किंवा ओलं फडकं मी वापरत नाही, पत्रा आकसतो. घाई केली की सपाट पत्र्यावर डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक करणारा फुगवटा येतो, आणि तो घालवणं वेल्डिंगपेक्षा कठीण. वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढलेली हवी.

हौद्याचं काम सोपं आहे. फळ्या आणि त्यांच्यामधल्या स्टीलच्या पट्ट्या. फळ्यांची खालची बाजू आणि कडाही तेल किंवा वॉर्निशने बंद करा, नुसती वरची नको. बोल्टाची भोकं किंचित मोठी ठेवा, लाकूड फुगतं.

सीटबेल्ट मात्र विसरू नका. या ट्रकांत ते नव्हतेच. जमिनीच्या पातळ पत्र्याला नुसतं भोक पाडून लावलेला बेल्ट अपघातात पत्र्यासकट उपटून येतो. खाली जाड पोलादी पट्टी, ७/१६ इंचाचा उच्च प्रतीचा बोल्ट.

वायरिंग

मूळची यंत्रणा ६ व्होल्टची. १२ केली की दिवे, हिटरची मोटर, काट्यांचा पुरवठा सगळं बदलावं लागतं. कापडी आवरणाची जुनी वायर जोडजाड करून वापरू नका. वाकवली की भुगा होतो. नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, घ्या किंवा करा. फ्यूज वायरच्या जाडीवरून ठरतो, दिव्यावरून नव्हे. हेडलाइटना रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने चालणारा वेगळा स्विच, लावा, म्हणजे सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून जाणार नाही.

अर्थिंगचा धडा मी धुरातून शिकलो. इंजिन रबरी बैठकांवर असतं. मी बॅटरीची ऋण तार चासीला लावली आणि इंजिन ते चासी ही जाड पट्टी लावायला विसरलो. स्टार्टर दाबला. एवढा मोठा प्रवाह परत यायला वाट शोधणारच. त्याला चोकची तार सापडली. ती लाल झाली, तिचं आवरण वितळलं, डॅशबोर्डखालून धूर. मेव्हण्याने बॅटरीची तार उपटली म्हणून बाकीचं वाचलं. आता तीन पट्ट्या आहेत: बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चासी, चासी ते केबिन. खालचा रंग खरवडून, पत्र्याला थेट.

उघड्या पत्र्याने

इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत ते स्टार्टरने फिरवा. नवा सपाट टॅपेटचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; टॅपेट त्यावर घासतात) असेल तर इंजिन लागताच ते २००० ते २५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवायचं, रेंगाळू द्यायचं नाही, आणि तेल जस्त-फॉस्फरस भरपूर असलेलं. शेजारी अग्निशामक हवा. माझा नुसता भिंतीला टांगलेला नव्हता, मेव्हण्याच्या हातात होता.

पहिली फेरी आवारात, चालण्याच्या वेगाने, नुसते ब्रेक बघायला. मग ताशी तीस. पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का? खड्ड्यात पाटा दबला की नळीला लागतो का? घरी येऊन प्रत्येक जोड हाताने चाचपा. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

त्या सात महिन्यांत वहीत त्रेचाळीस नोंदी झाल्या. सायलेन्सरची नळी मागच्या अॅक्सलला लागत होती. रेडिएटरचा पंखा हवा नीट ओढत नव्हता, मागे आच्छादन बनवावं लागलं. क्लचच्या पॅडलची दांडी ब्रेकच्या नळीपासून चार मिलिमीटरवर होती. डाव्या दाराला पावसात पाणी. यातल्या निदान पंधरा दुरुस्त्यांना ग्राइंडर किंवा वेल्डिंग लागलं. रंग लावलेला असता तर पंधरा वेळा रंग जळला असता.

मग रंग

आता सगळं पुन्हा सुटं करायचं. यावेळी पिशव्या ओळखीच्या असतात आणि काम आठवड्यांत होतं.

उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर, लांबी त्याच्यावर. लांबी तीन मिलिमीटरहून जाड लागत असेल तर पुन्हा हातोडी घ्या. मग जाड थराचं प्रायमर, त्यावर काळ्या पावडरीचा हलका हात, आणि लांब ठोकळ्याला कागद लावून तिरके घासणं. काळं जिथे उरलं तिथे खड्डा, जिथे पहिल्यांदा लोखंड दिसलं तिथे उंचवटा. ८० नंबरपासून १८०, ३२०, शेवटी पाणपेपर ६००. हात दुखतील. बोटांनी दाबून घासू नका, बोटांच्या नाल्या रंगात दिसतात.

दोन भाग मिसळून लावायच्या रंगांत आयसोसायनेट असतं. ते फुफ्फुसाला कायमचा दमा देऊ शकतं. फडकं किंवा धुळीचा मास्क त्याला काहीच नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंग झाकलेलं, हवा खेळती. एवढी सोय नसेल तर घासण्यापर्यंतचं सगळं घरी करा आणि फवारा रंगवणाऱ्याकडे सोपवा. मी तेच केलं. त्यात कमीपणा नाही.

पुन्हा जोडताना कडांना चिकटपट्टी लावा, दार बसवायला दोन माणसं घ्या, आणि अर्थिंगच्या जागचा नवा रंग खरवडायला कितीही जीव वर आला तरी खरवडा. बोल्टांच्या डोक्याखाली आता रंगाचा थर आहे. तो दाबाखाली बसतो आणि आवळलेलं सैल होतं. म्हणून शंभर आणि पाचशे किलोमीटरला केबिन, हौदा आणि पाट्यांचे सगळे बोल्ट पुन्हा बघायचे. वहीतल्या पाचशेच्या नोंदीत हौद्याचे पुढचे दोन बोल्ट पाव-पाव फेरा फिरले आहेत, आणि डाव्या दारापुढे लिहिलंय, "पाऊस झाला, आत कोरडं."